आमच्या खोलीतली बैठक

काटकसरीवर बायका कौतुकाने बोलायला लागल्या की मी आजही काहीतरी निमित्त काढून उठते. जुन्या साडीची गोधडी, शिळ्या पावाचा चुरा, संत्र्याच्या सालीचं उटणं. हे सगळं हौसेने सांगणाऱ्यांच्या घरी नवी साडी असते, ताजा पाव असतो आणि संत्रंही असतं. माझा राग गोधडीवर नाही. आमच्या घरात दुसरं पांघरूणच नव्हतं, आणि त्याला काटकसर म्हणतात हे मला बायकांच्या बैठकीत गेल्यावर कळलं.

आम्ही सावंतवाडीकडचे ख्रिस्ती. वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून डिचोलीकडे आले आणि वर्षभराने आम्हालाही घेऊन आले. खनिजाचे ट्रक जायचे त्या रस्त्याला लागून चार खोल्यांची रांग होती, त्यातली शेवटची आमची. घरात आमचं बोलणं मालवणी, माझी शाळा मराठी आणि चर्चमध्ये सगळं कोकणी. प्रार्थनेचं पुस्तक रोमन अक्षरांत असल्यामुळे आईला ते वाचता येत नसे. ती ऐकून ऐकून पाठ करायची आणि म्हणताना इतरांच्या अर्धा शब्द मागे राहायची. त्या काळात भाषेवरून गोव्यात घराघरांत वाद चालले होते. पुढे गोवा वेगळं राज्य झालं, शाळेत आम्हाला पेढे मिळाले. त्या सगळ्या गडबडीत आईची एक ओळख मात्र पक्की झाली, ती म्हणजे ‘भायली’, बाहेरची. कोणी ते भांडून म्हणत नसे. आज कोणते मासे आले, असं विचारावं इतक्या सहज म्हणत, आणि म्हणून त्यावर भांडताही येत नसे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता चर्चमधल्या बायकांची बैठक भरायची. दर महिन्याला वेगळं घर. आधी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग एखादं गाणं. मग त्यांच्यातली एकजण थोड्या पैशांत संसार भागवायची एक युक्ती करून दाखवायची, आणि शेवटी चहा. दहा-अकराजणी असत. मुख्य होती मोठ्या घरातली बाई. तिला सगळ्या ‘तिया’ म्हणत, मावशी म्हणावं तसं. तिचे दोन मुलगे गल्फमध्ये होते, मागे माडांची आणि काजूची बाग होती आणि पुढे बसायला रुंद बल्कांव, म्हणजे ओटा. बाई वाईट नव्हती. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

तियाने एकदा केकचे रिकामे डबे रंगवून त्यांत फुलझाडं लावायची युक्ती दाखवली. घरी येताना आई म्हणाली, “पण केकचो डबो आणूचो खयसून?” आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पोट धरून हसलो. आईच्या युक्त्या वेगळ्या असायच्या. साबणाचे उरलेले तुकडे फाटक्या मोज्यात घालून त्याला गाठ मारायची, की ते शेवटपर्यंत वापरता येतात. मैद्याचं पोतं सोडा घालून उकळायचं, वरची छपाई जाते आणि चांगला परकर होतो. फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळून ठेवायच्या, त्या पावसाळाभर टिकतात. आई सांगायला लागली की सगळ्या पुढे सरकून ऐकायच्या आणि तिया तिच्या वहीत उतरवून घ्यायची. त्या वर्षी चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, तियाच्या मेजावर मैद्याच्या कापडाच्या भरतकाम केलेल्या पिशव्या विकायला होत्या. आईने एक हातात घेतली, टाके निरखले, आणि जपून परत ठेवली.

आईला या बैठकीत एकच गोष्ट हवी होती. एकदा तरी ती आमच्या खोलीत भरावी. जिच्या घरी बैठक झाली ती त्यांच्यातली होऊन जाई. मग तिच्या मुलाच्या तापाची चौकशी होई, मीसनंतर, म्हणजे चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर, तिच्यासाठी कोणीतरी थांबे. आईसाठी कोणी थांबत नसे. दर वर्षी डिसेंबरात पुढच्या घरांची यादी ठरे, आणि तीत आमचं घर नसे. आईने विचारलं की तिया तिच्या दंडावर हात ठेवून म्हणायची, “तुका त्रास कित्याक, बाय? घोव ड्युटीर, भुरगीं ल्हान.” दोन वर्षं आई हे ऐकून हसत घरी आली. कमी खर्चात संसार कसा करावा हे जिच्याकडून शिकायचं, तिलाच खर्च नको म्हणून वगळायचं. यातला वाह्यातपणा आईला दिसत नव्हता असं नाही. पण हाताने पाठ थोपटत केलेल्या अपमानाला काय उत्तर द्यायचं हे तिला सुचत नसे.

तिसऱ्या वर्षी ती यादीसाठी थांबलीच नाही. एका बैठकीत चहा व्हायच्या आधी उभी राहिली आणि म्हणाली, “फुडच्या म्हयन्यात माझ्याकडे येवा.” सगळ्या तियाकडे बघायला लागल्या. मग तिया म्हणाली, “येतात गो, येतात.” आईने त्या आनंदात चहा पिताना जीभ भाजून घेतली.

मग महिनाभर आमच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी भिंतीला चुना दिला. ट्रकच्या लाल धुळीने पडदे काही केल्या पांढरे होईनात, तेव्हा आईने ते चहाच्या पाण्यात बुडवून सगळेच तांबूस करून टाकले. खायला काय करायचं यावर खूप विचार झाला आणि शेवटी शिरवाळे ठरले. तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. आमच्याकडे सणाला करतात, खर्च फार नाही आणि मेहनत मात्र भरपूर. शेवगा, म्हणजे शेवया पाडायचा लाकडी साचा, दाबायला शेजारीण येणार होती.

ही शेजारीण धारगळची, हिंदू, रांगेतल्या तिसऱ्या खोलीत राहायची. तिचाही नवरा खाणीवरच होता आणि ती काजूच्या दिवसांत तियाच्या बागेत कामाला जायची. आईला त्या गावात जर कोणी माणूस होतं तर ती. दोघी एकमेकींच्या चुलीवरचं चाखून बघत. आमच्याकडे कप तीनच होते, हे तिला सांगावं लागलं नाही. लग्नात मिळालेला गुलाबाच्या फुलांचा डझनभर कपांचा सेट तिने पेटीतून काढून दिला. खोकं उघडलेलंही नव्हतं. “वापर गे. माज्याकडे तरी कोण येता?” ती म्हणाली.

आता माझी गोष्ट. मी सातवीत होते. बैठकीच्या आदल्या आठवड्यात, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर तियाने मला चर्चच्या पायरीवर थांबवलं आणि विचारलं, “तुमगेर कोप कितले आसात गो?”

मी म्हटलं, “तीन. त्यातल्या एकाचो कान मोडलेलो.”

तोपर्यंत शेजारणीचा सेट आमच्याकडे येऊन पडला होता. मला ते सांगता आलं असतं. पण तियाच्या घरच्या काचेच्या कपाटात सोन्याच्या काठाचे कप होते, आणि माझ्या मनात आलं की आपण गरिबी नीट सांगितली तर ती त्यातले थोडे पाठवील, कदाचित परत मागणारही नाही. मी हावरटपणाने खरं बोलले. तियाने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “बरें केलें सांगलें तें.”

रविवारी चार वाजता त्या आल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी होती. तेर्स झाली, गाणं झालं. आई त्या दिवशी एकही शब्द मागे राहिली नाही, मी मोजत होते. मग चहाची वेळ झाली. आई स्टोव्हकडे वळली, तेवढ्यात तियाने पिशवीतून मोठा थर्मास काढला. दुसरीने सँडविच काढले, तिसरीने बोल, म्हणजे केक. आणि मग सगळ्यांनी आपापल्या पिशवीतून आपापला कप काढून मांडीवर घेतला.

“आज हीच युक्ती,” तिया सगळ्यांना उद्देशून म्हणाली. “घरकान्नीक भार नाका. मुखार सगळ्यांगेर अशेंच करूंया.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणीचे बारा कप पलीकडे स्टुलावर ओळीने मांडलेले होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर नजर फिरवली. आईचा चेहरा आधी पार उतरला आणि मग तिया जे शेवटी बोलली ते डोक्यात शिरल्यावर थोडा सावरला. सगळ्यांच्या घरी असंच करायचं आहे, म्हणजे हे आपल्यापुरतं नाही. ती त्या वाक्याला धरून राहिली. शिरवाळे तिने तरीही पुढे केले. एकीला गोड चालत नव्हतं, दोघींची पोटं भरली होती. तियाने चमचाभर खाल्ले, बरे झालेत म्हणाली आणि उरलेले भुरग्यांना ठेव असं सांगितलं. भुरगी म्हणजे मी आणि माझा भाऊ. आम्ही ते दोन दिवस खाल्ले.

त्या गेल्यावर आईने बाराच्या बारा कोरडे, स्वच्छ कप परातीत घातले आणि रांगेसमोरच्या सार्वजनिक नळावर नेले. एकेक साबण लावून घासला. शेजारीण दारात आली आणि तिने विचारलं, “पुरले मगे कोप?”

“पुरले मगे,” आई म्हणाली. “दोन तर धुवन परत भरूक लागले.”

शेजारणीचं तोंड आनंदाने फुललं. मी बाजूला उभी होते. मला तेव्हा ओरडून खरं सांगावंसं वाटलं, आणि मी धुतलेले कप फडक्याने पुसायला लागले.

पुढची बैठक तियाच्या घरी होती. आईने आमच्या तीन कपांतला धड कान असलेला एक निवडला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत घातला. मला ते बघून बरं वाटलं होतं. म्हणजे ती गोष्ट खरंच नियम झाली होती, आणि माझं बोलणं कुठेतरी जिरून गेलं होतं. बल्कांवात पाय ठेवला आणि मी बायकांचे हात पाहिले. जपमाळेशिवाय कोणाच्याही हातात काही नव्हतं. आत मेजावर सोन्याच्या काठाचे कप आणि पिरिशी, म्हणजे बश्या, मांडून तयार होत्या.

मला वाटलं आई पिशवी उघडणार नाही. पण चहाच्या वेळी तिने रुमाल सोडला आणि आमचा कप त्या कपांच्या शेजारी ठेवला. “तिया, ठरला होता ना,” ती म्हणाली.

तिया हसली. मनापासून, काही वाकडं मनात न ठेवता. “आगो, तें तुजेगेर म्हूण! हांगा कोप आसात मगो.”

म्हणजे तो नियम फक्त आमच्या घरापुरता होता. दोघी-तिघी हसल्या. एक जण खिडकीबाहेर बघायला लागली. आईने चहा ओतणाऱ्या बाईच्या हातून किटली घेतली, स्वतःच्या कपात स्वतः चहा ओतला, उभ्याने प्यायली. मग अंगणातल्या बालदीत कप विसळला, रुमालात गुंडाळला आणि मला म्हणाली, “चल.” पुन्हा ती त्या बैठकीला कधी गेली नाही. तियाने दोनदा निरोप पाठवला, तिला खरोखरच कळलं नव्हतं की काय झालं.

पण हे एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. परत येताना रस्त्यात आईने मला विचारलं, “गो चेडवा, आमच्याकडे कप नाय ह्या तेंका कोणी सांगल्यान?”

“माका काय म्हायत,” मी म्हटलं.

आईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “तिचाच काम ता. बागेत कामाक जाता ती. एका तोंडान कप दिल्यान आणि दुसऱ्या तोंडान सांगून इली.”

घर येईपर्यंत बराच रस्ता होता, बोलायला वेळ भरपूर होता. त्या दिवसापासून आईने शेजारणीचं दार बंद केलं. वाटीची देवाणघेवाण थांबली, नळावर आई पाठ करून उभी राहायची. ज्या गावात तिला एकच माणूस होतं त्या गावात आता तेही उरलं नाही. वडिलांनी कारण विचारलं तर ती म्हणायची, माणसं ओळखायला आपण चुकलो. त्यानंतर आम्ही त्या खोलीत चार वर्षं राहिलो आणि सांगायला मला चार वर्षं मिळाली. पुढे आई वारली, तोपर्यंत आणखी पुष्कळ मिळाली.

एकदा नळावर मी कळशी भरत होते, तेव्हा शेजारीण हळूच जवळ आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, “तुजी आवय माज्याकडेन उलयना. माजें कितें चुकलें गो, बाय?”

मी कळशी उचलली आणि म्हटलं, “माका काय म्हायत.”