भीमराजचा उजवा खांदा

भीमराज सोनटक्केचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो सीमेवरच्या बर्फाळ उतारावर. पाय घसरला, त्याने एका हाताने दोर धरला आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर आला. तेव्हा खांदा बसवला, पण पुढे व्हॉलीबॉल खेळताना तो पुन्हा सटकला. मग लष्करी इस्पितळात ऑपरेशन झालं. सांध्याची फाटलेली कड शिवली आणि हात गळ्यात बांधून नाईक भीमराज आजारपणाच्या रजेवर कांजूरमार्गला घरी आला.

घर एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आत यायचा, म्हणून खिडक्या बहुतेक बंदच. आई सुंदराबाई लग्न होऊन हिंगोलीकडून मुंबईत आलेली. शाळेत झाडलोट करून तिने एकटीने त्याला वाढवलं होतं. आता तिचे गुडघे गेले होते. बायको दर्शना औषधांच्या दुकानात कामाला होती.

भांडुपच्या तेजल नावाच्या फिजिओकडे तो जायला लागला. आधी हात नुसता लोंबता ठेवून हलवायचा, मग काठी धरून वर न्यायचा, मग रबरी पट्टा ओढायचा. तेजलने बजावलं होतं की आतली शिवण धरायला वेळ लागतो. वजन उचलायचं नाही, हात डोक्यामागे न्यायचा नाही. पण त्याची तुकडी पुन्हा वर सीमेकडे निघणार होती, आणि आपण मागे राहणार हे त्याला सोसत नव्हतं. दर्शना कामावर गेली की तो गच्चीवर जाऊन दंड काढायचा.

एके सकाळी बनियन अंगात घालताना खांदा सरकला आणि आपोआप परत बसला. आवाज हलकासाच झाला. तो कुणाला काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो पुढून बटणं असलेलेच शर्ट घालू लागला आणि फळीवरचा डबा डाव्या हाताने काढू लागला. दर्शनाच्या ते लक्षात आलं. तिने विचारल्यावर डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, असं तो म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. तो झोपला की ती त्याच्या हाताकडे बघत राहायची.

पुढच्या खेपेला तेजलने त्याला उताणं झोपवलं, कोपर बाजूला घेतलं आणि हात हळूहळू मागे वळवला.

"दुखतंय का ते विचारत नाही मी," ती म्हणाली. "निसटेल असं वाटतंय का?"

"नाही."

त्याचा चेहरा दगडासारखा होता. डाव्या मुठीत मात्र पलंगाची कड घट्ट धरलेली तिला दिसली. तिने हात खाली ठेवला आणि इस्पितळात लवकर दाखवून या म्हणून सांगितलं. तो हो म्हणाला आणि गेलाच नाही.

त्याच आठवड्यात सुंदराबाईला ताप भरला, धाप लागली. लिफ्ट बंद होती. ती वरचेवर बंदच असायची. दर्शना म्हणाली, शेजारच्या सौरभला बोलावते, खुर्चीत बसवून दोघं मिळून नेऊ. भीमराजने ऐकलं नाही. पाठीवर तीस किलो घेऊन डोंगर चढलेल्या माणसाला आपली आई जड होती का? त्याने तिला पाठीवर घेतलं आणि उजव्या हाताने कठडा धरत उतरायला लागला. दर्शना पिशवी घेऊन मागे होती.

"दमानं रं, बाबा," आई कानाशी म्हणत होती.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी नुकतंच जिना पुसला होता. त्याचा पाय सरकला. हाताने कठडा सोडला नाही, आणि भार पुन्हा त्या एका हातावर आला. दर्शनाला त्याचा खांदा शर्टाखाली पुढे येताना दिसला. मग बोटं उघडली. दोघं खालच्या वळणापर्यंत घरंगळत गेली.

सुंदराबाईच्या खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दोघांना खाली नेलं. इस्पितळात खांदा बसवून झाल्यावर भीमराज आईच्या खाटेशी बसला तेव्हा दर्शनाने विचारलं, "याआधी कधी निसटला होता?"

त्याने सगळं सांगितलं. गच्चीवरचे दंडसुद्धा. ती रडली नाही, ओरडली नाही. "मला सांगितलं असतंस तर मी तुला हात लावू दिला नसता तिला," एवढंच म्हणाली.

शिवण पूर्ण फाटली होती, हाडाची कडही झिजली होती. लष्करी डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन केलं आणि त्याची वैद्यकीय श्रेणी उतरवली. त्याची तुकडी वर गेली. त्याला मैदानी भागात भांडारात नेमलं.

सुंदराबाई घरी आली ती वॉकर धरूनच. पुढे सुट्टीवर आल्यावर भीमराजने तिला सांगितलं की लिफ्ट चालू झाली आहे, खाली बागेत नेतो. ती नको म्हणाली. तो जवळ आला की ती अजून नकळत भिंतीला हात टेकते. तो ते बघतो आणि दोन पावलं मागे सरून उभा राहतो.