दहा फेऱ्यांचा करार

ऐंशीच्या सुमारास मी रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. त्या वर्षी आमच्या खात्यातल्या सात जणांना कावीळ झाली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, पण अंगातली ताकद काही परतेना. नुसता पाना उचलला तरी मला घाम फुटायचा. कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कंपाउंडला रोज दहा फेऱ्या मारा, मग हळूहळू वाढवा. महिनाअखेरीस न बसता पंधरा झाल्या तर फिट. नाही झाल्या तर नोकरीचं मी काही सांगू शकत नाही."

आमच्या सुपरवायझरला काम म्हटलं की जॉबकार्ड लागायचं. त्याने सातही जणांची कार्डं काढली. काम: चालणे. नग: दहा. चौथ्या दिवशी त्याने दहाचे अकरा केले आणि युनियनचा पुढारी भडकला. तो घणसोलीचा, आमच्या सातांपैकीच एक.

"आज अकरा, उद्या बारा? करार न करता काम वाढवता? चालनार नाय!"

गेटवर सभा झाली. आम्ही आजारी माणसं मुठी आवळून स्वतःच्याच तब्येतीविरुद्ध घोषणा देत होतो. शेवटी लेखी करार झाला: दहा फेऱ्या, वर एक पाऊल नाही. त्या आनंदात बटाटेवडे वाटले. काविळीत तळलेलं वर्ज्य, म्हणून आम्ही सातांनी ते नुसते पाहिले.

माझी मात्र झोप उडाली. घरात चार तोंडं आणि कमावता मी एकटा. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमागे चोरून चालायला लागलो. तिथे एकदा पुढारीच भिंतीला धरून धापा टाकताना सापडला.

"अकरावी होत नाय रे," तो म्हणाला. "कुनाला सांगू नको."

त्याच्यावरचा माझा सगळा राग तिथेच गेला. मग रोज आम्ही जोडीने करार मोडायचो.

परीक्षेच्या दिवशी दहा फेऱ्या झाल्या आणि बाकीचे पाच जण शिस्तीत खाली बसले. करार म्हणजे करार! आम्ही दोघे चालतोय हे बघून त्यांनी आ वासला. तेराव्या फेरीत पुढाऱ्याचे पाय गेले. बसल्या बसल्या तो ओरडला, "काम वाढवनं चालनार नाय!" पाचांनी टाळ्या वाजवल्या.

मी थांबलो नाही. मला नोकरी हवी होती. न थांबल्याची लाज मला अजून वाटते.

पंधराव्या फेरीत मान खाली घालून मी त्याच्यासमोरून जात होतो. तो हळूच म्हणाला, "घाई करू नको. दमानं जा."