परवानगीचा अर्ज

वाळूवर उजवा गाल टेकायचा, डावा डोळा मिटायचा आणि श्वास रोखून पडून राहायचे. आमच्या गोल्फच्या मैदानावरचा माळी असा पालथा पडलेला दिसला की नव्या सभासदांना वाटे, याला घेरी आली. मग तो उठे, गालाची वाळू झटकी आणि मला म्हणे, "उतार आहे, वकीलसाहेब. पाव बोट. पण आहे."

मध्य भारत राज्याची ती वर्षे. इंदुरात पाण्याची मारामार. त्यामुळे बॉल ज्या खळगीत घालायचा तिच्याभोवती आमच्याकडे हिरवळ नसे, तेल पाजून घट्ट केलेल्या वाळूचे वर्तुळ असे. अशी नऊ वर्तुळे त्याच्या ताब्यात होती. नर्मदेची वाळू तो बायकोच्या जुन्या लुगड्यातून चाळी. कुणी खेळून गेले की उमटलेली पावले गोणपाट ओढून पुसणे, हेही त्याचेच काम.

आणि खेळे तोच सर्वांत चांगला. संस्थानी काळात कुणा गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली एक काठी त्याच्याजवळ होती. अनवाणी उभा राहून तो ती फिरवी आणि बॉल सांगितल्या झाडापाशी जाऊन पडे. आपल्यापैकी कुणी त्या काळी तिथे खेळले असेल, तर त्याच्याकडेच शिकले असेल. एका वृद्ध न्यायाधीशांची काठी तिसऱ्यांदा नुसतीच हवेतून फिरली, तेव्हा तो अदबीने म्हणाला, "हुजूर, बॉल निर्दोष सुटला."

संस्थान विलीन झाले, मैदान सरकारकडे आले आणि नोकरांच्या याद्या नव्याने झाल्या. वीस वर्षे मैदान राखणारा हा माणूस यादीत रोजंदारीवर निघाला. मी मैदानाच्या समितीचा मानद चिटणीस होतो, आणि अन्यायाला उत्तर लेखी द्यावे या मताचा होतो. आजही आहे. मी पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रे लिहिली. दीड वर्षाने हुकूम आला: माळी, कायम सरकारी नोकर, पेन्शनसह. त्याने हुकमाला काच लावून घेतली आणि तो देव्हाऱ्याशेजारी टांगला. "यालापण रोज फूल वाहते मी," त्याची बायको मला म्हणाली.

पुढे एका हिवाळ्यात ठरले, की धंदेवाईक खेळाडूंची मोठी स्पर्धा आमच्या मैदानावर भरवायची. कलकत्ता, मुंबई, दिल्लीहून माणसे येणार होती. यजमान मैदानाला आपला एक खेळाडू उतरवण्याचा हक्क होता. नावाबद्दल समितीत चर्चासुद्धा झाली नाही. त्याला बोलावून सांगितले, तेव्हा त्याने आपल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "जूते लागतील का?"

बूट आले, तळाला खिळे असलेले, आयुष्यातले पहिले. नऊही वर्तुळे त्याने उकरून पुन्हा घातली. सकाळी वाळू, दुपारी सराव. बूट घालून तो कडेच्या पायवाटेनेच चाले. वाळू आली की काढून हातात घेई. बायको डबा घेऊन येई आणि हे बघून हसे. "घोड्याला नाल ठोकली, तर आता घोडा लंगडतोय."

"लंगडू दे. पोचतो की नाही, ते बघ."

आता जे लिहितो ते सावकाश वाचावे. कायम सरकारी नोकराला बक्षिसाच्या रकमेसाठी खेळायचे, तर पूर्वपरवानगी लागे. हा नियम समितीत कुणाला ठाऊक नव्हता. मला होता. मी गप्प बसलो असतो तर कुणीही विचारणार नव्हते. पण नियम ठाऊक असून गप्प बसणे माझ्या स्वभावात नव्हते, आणि मंजुरी मिळणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी अर्ज लिहिला. फार चांगला उतरला होता.

हिवाळ्यात राज्याची राजधानी इंदुराहून ग्वाल्हेरला हलत असे. माणसे, टेबले, फायली, सगळेच जाई. माझी स्मरणपत्रेही मागोमाग गेली. उत्तर आले ते स्पर्धेच्या चार दिवस आधी. सदर इसम कायम नोकर असल्याने परवानगी देता येत नाही. आधार म्हणून एका हुकमाचा क्रमांक दिला होता. मीच मिळवलेला तो हुकूम.

मी त्याला ते पत्र वाचून दाखवले. राजीनामा दिला तर खेळता येईल, कायद्याने तेवढी एकच वाट उरते, हेही सांगितले. तो बूट पुसत बसला होता.

"नको, वकीलसाहेब. तो कागद तुम्ही इतकं भांडून आणला. मी कसा फाडू?" मग थोड्या वेळाने, जणू माझेच काही गेले आहे अशा स्वरात, "चहा घेणार ना?"

स्पर्धा झाली. प्रत्येक जोडी पुढे गेली की तो अनवाणी येई आणि गोणपाट ओढी. यजमानांची जागा रिकामी राहिली. कलकत्त्याच्या एका खेळाडूने वाळूवरून तळवा फिरवून विचारले, "ये किसने बनाया?"

"कमिटीने, साब," तो म्हणाला.

मध्य भारत संपून मध्य प्रदेश झाला, त्याच वर्षी तो गेला. पेन्शनीला दोन वर्षे उरली होती. त्याच्या बायकोने हुकमाची तसबीर मला आणून दिली. "हे तुमचं," एवढेच बोलली. माझ्या सुदामा नगरच्या घरात ती तसबीर लिहिण्याच्या टेबलासमोर आहे. या प्रकरणी मी कितीतरी तक्रारपत्रे लिहिली आणि एकही टपालात टाकले नाही. प्रत्येक मसुदा एकाच प्रश्नापाशी अडे: परवानगी मागितली कुणी?

स्पर्धेच्या शेवटच्या संध्याकाळी मंडप उतरत होता. मी त्याला शोधत नवव्या वर्तुळाकडे गेलो. तो बूट घालून वाळूवर उभा होता. ती जुनी काठी हातात होती. त्याने बॉल हलकेच ढकलला. बॉल वळत गेला आणि खळगीत पडला. त्याने तो काढला, धोतराला पुसला. मग बूट काढून बाजूला ठेवले आणि गोणपाट ओढायला घेतले.

मी कडुलिंबाआड उभा राहिलो. पुढे झालो नाही. तो गेल्यावर तिथे गेलो, गुडघे टेकले, गाल टेकला, एक डोळा मिटला. अंधार पडेपर्यंत पाहत होतो. एकाही खिळ्याची खूण सापडली नाही.