ग्लेंडाबाईंची बारा वाजताची नोंद

तुमचा बाप दवाखान्यात पाठीवर पडून आहे. दर दोन तासांनी त्याची कूस कोणी बदलतं का, हे तुम्ही कधी विचारलंत? नाही ना? मग डोरीन कोव्हाचचं ऐका.

अमेरिकेतल्या यंगस्टाउनच्या एका दवाखान्यात ती बावीस वर्षं नर्स होती. एके दिवशी वॉर्डात चौदा पेशंट आणि नर्स दोघीच. डोरीनने एका म्हाताऱ्याची कूस वेळच्या वेळी बदलली, पण नोंद करायला हात रिकामा झाला नाही. पुढे त्याच्या पाठीला जखम झाली. हेड नर्स ग्लेंडा स्टाउटने सगळ्यांसमोर सुनावलं, "लिहिलेलं नाही, म्हणजे तू केलेलंच नाहीस, राणी!" माणसं कमी पडतात म्हणून डोरीनने तीन पत्रं दिली होती, ती याच ग्लेंडाने दाबून ठेवलेली. नोकरी गेली ती डोरीनची.

ते 'राणी' सहा वर्षं तिच्या काळजात सलत राहिलं. पोटासाठी तिने नवा धंदा धरला होता: वकिलांना दवाखान्याचे कागद वाचून द्यायचे. वकिलाला कायदा कळतो, पण नर्सने काय केलं आणि काय करायला हवं होतं, हे नर्सलाच कळतं.

आणि एके दिवशी वकील मार्कस टिलरीकडून फाईल आली. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला एमिल साबोल. पडून पडून पाठीला जखम, जखमेचं विष रक्तात, माणूस खलास. बायको व्हर्नाने दावा लावला होता. दवाखाना तोच, वॉर्ड तोच. एका दिवशी नर्स कमी म्हणून हेड नर्स स्वतः कामाला उतरली होती. त्या दिवसाच्या नोंदींखाली सही: जी. स्टाउट.

डोरीनने एका बैठकीत सतरा पानं लिहिली.

टिलरीने ती टेबलावर आपटली. "डोरीन, हा अहवाल आहे की शिवीगाळ?"

"त्यात खोटं काय आहे ते दाखव."

"'निर्दय', 'नालायक', 'खुनी'. पहिल्याच पानावर! समोरचा वकील विचारेल, ही बाई कोण? काय सांगू त्याला?"

गप्प बसता आलं असतं. पण नंतर बिंग फुटलं असतं तर व्हर्नाचा दावाच बुडाला असता. डोरीनने सगळं ओकून टाकलं. "त्या बयेने मला हाकललंय, मार्कस. मला कोर्टात तिच्या समोर उभं राहायचंय. मला बघून तिचं तोंड कसं होतं ते बघायचंय."

"मग साक्षीला तुला उभं करता येणार नाही. तुझं नावसुद्धा कुठे येणार नाही. पडद्याआड काम करतेस, की सोडतेस?"

सहा वर्षं जपलेला सूड, आणि तो बिनचेहऱ्याने घ्यायचा! डोरीनने एक सणसणीत शिवी हासडली आणि म्हणाली, "फाईल दे इकडे."

तिने आधी दवाखान्याच्या संगणकाची यादी मागवायला लावली: कोणती नोंद नक्की किती वाजता टंकली. मग सतरा पानांचं एक पान केलं. डावीकडे ग्लेंडाने लिहिलेलं: आठ, दहा, बारा, दोन वाजता कूस बदलली, पेशंटला आराम. उजवीकडे: चारही नोंदी दोन सत्तेचाळीसला, तीन मिनिटांत टंकल्या. आणि अकरा वीस ते बारा पन्नास एमिल तळमजल्यावर स्कॅनसाठी नेलेला. एकही विशेषण नाही.

शेजारी ब्रेडची गाडी चालवणारा रूडी राहायचा. खटल्याचा निकाल देणाऱ्या ज्यूरीत असलीच साधी माणसं बसतात, म्हणून तिने पान त्याच्यापुढे धरलं. तोंडातलं सँडविच गिळत तो म्हणाला, "अगं, मग बारा वाजता हिने कूस कुणाची बदलली? पलंगाची?"

"बास! झालं माझं काम."

टिलरीला तिने प्रश्नांचा क्रमही लिहून दिला. "पहिला प्रश्न गोड विचार: तुमच्या वॉर्डात लिहिलेलं नसेल तर काय धरतात? मग: आणि लिहिलेलं असेल तर? मग पान पुढे सरकव आणि तोंड मिट. तुला गप्प बसता येत नाही, तेवढं शिक."

टिलरी शिकला. खटल्याआधीच्या जबानीचं चित्रण डोरीनने नंतर त्याच्या कचेरीत पाहिलं. पहिल्या दोन प्रश्नांना ग्लेंडाने मान ताठ ठेवून उत्तरं दिली. मग पान वाचलं. चष्मा काढला, पाणी प्याली. शेवटी पुटपुटली, "त्या दिवशी... माणसंच नव्हती हो."

डोरीनच्या तिन्ही पत्रांत हेच तर होतं.

"दया येते?" टिलरीने विचारलं.

"नाही. मागे ने. पुन्हा लाव."

तिने ते चार वेळा पाहिलं. दवाखान्याने खटला उभाच राहू दिला नाही. व्हर्नाशी तडजोड केली आणि ग्लेंडाला घरी बसवलं. वॉर्डात मात्र आजही नर्स दोघीच. नर्स कमी करणारे साहेब वरच्या मजल्यावर मजेत आहेत, आणि डोरीन आता त्या हुकमांखालच्या त्यांच्या सह्या शोधते आहे.

तिला एकटीला शोधायला लावू नका. तुमचं माणूस दवाखान्यात असेल तर आजच जा, त्याचे सगळे कागद मागा, आणि प्रत्येक नोंद किती वाजता टंकली ती यादीही मागा. नाही म्हणाले, तर तो नकार लेखी घ्या.