फ्लॉपीतला परवाना

शनिवार पेठेत माझं पुस्तकांच्या अक्षरजुळणीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. एका निवृत्त सरांचा औषधी वनस्पतींचा कोश मी टाइप केला होता आणि तो संगणक आता मध्येच बंद पडू लागला होता. नवा आणला, पण मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या यंत्राला बांधलेला. त्याच्याशिवाय नव्यावर कोश उघडला, की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत.

कंपनीने खडकीहून एक बाई पाठवल्या. बारीक चणीच्या, पदर घट्ट खोचलेला. त्यांनी जुन्या संगणकावरचा परवाना काढून फ्लॉपीवर घेतला. ती फ्लॉपी टेबलावर न ठेवता दोन्ही तळहातांत धरून त्या नव्या संगणकापाशी आल्या.

"होईल ना हो नीट?" मी विचारलं.

"या घडीला परवाना तिथेही नाही आणि इथेही नाही, फक्त या फ्लॉपीत आहे," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ मी कुणाशी बोलत नाही. आपणही बोलू नका."

मी मागे सरकून उभी राहिले. फ्लॉपी आत जाऊन घरघरली. मग पडद्यावर 'अश्वगंधा' उमटलं, जोडाक्षरासकट. बाईंनी खुर्चीला पाठ टेकून डोळे मिटले, तेव्हा कळलं की त्याही घाबरल्या होत्या.

मी सरांना फोन केला. "सर, कोश उघडला."

 ते म्हणाले, "बरं. आता जेवून घेतो."

मी हे बाईंना सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "मीही सकाळपासून तशीच आहे."

मग आम्ही दोघींनी माझा डबा वाटून खाल्ला. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.