हातनको मामांचं कपाट

शाळेच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं परिचर म्हणून काढलेल्या मामांना मुलांनी नाव ठेवलं होतं 'हातनको मामा'. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पोर दारात पाऊल टाकतंय तोच मामांचं "हात नको!" कानावर आदळायचं. परीक्षानळीला हात नको, तराजूला हात नको, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाच्या तर जवळपासही फिरकायचं नाही. त्या कपाटात वरच्या फळीवर शाळेचा एकुलता एक मोठा मायक्रोस्कोप होता. मामा तो रोज पुसत. विज्ञानाच्या बाईंनी मागितला तरी, "फार नाजूक आहे बाई, तुम्ही आपला लहान घेऊन जा," म्हणून वाटेला लावत. असा जपणारा माणूस शोधून सापडायचा नाही, असं मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चारचौघांत सांगत. मामा खाली मान घालत. लोकांना वाटे, काय हा विनय!

विनय कसला? तो मायक्रोस्कोप मामांनीच मोडला होता.

एकोणीस वर्षं झाली त्याला. त्या दिवशी बाईंनी वर्गाला कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. एकेक पोर डोळा लावी आणि "अगं बाई, विटाच विटा!" म्हणून ओरडे. मामा फडकं घेऊन भिंतीशी उभे. मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाली आणि त्यांना राहवेना. डोळा लावला, तर सगळं धुरकट. बाजूचा मोठा स्क्रू फिरवला, आणखीच धुरकट. मग जरा जोर लावला. कट्ट आवाज झाला, काचपट्टी तडकली, नळी सर्रकन खाली आली. मामांनी पुठ्ठ्याची घडी घालून नळी कशीबशी उभी केली आणि कपाटाला कुलूप ठोकलं. मागायला येईल त्याला टाळायचं, हेच पुढे त्यांचं खरं काम झालं.

निवृत्तीला चार महिने उरले आणि शाळेत रोबोटिक्सची टूम निघाली. मुलांनी आपल्या हातांनी यंत्रं जोडायची, उघडायची, बिघडवायची, त्यासाठी मेकरस्पेस म्हणून एक खोली करायची. जागा ठरली ती नेमकी काचेच्या कपाटाची. नव्या शिक्षिका मामांच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "मामा, सोमवारी कपाट रिकामं करू या. एकेक वस्तू चालवून बघू." मामांनी कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

रविवारी घास उतरेना, तेव्हा त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.

"म्हणून घरात रेडिओलासुद्धा हात लावू देत नाही होय तुम्ही? आणि मी आपली समजत होते, स्वभावच तिरसट!"

"अगं, अठ्ठावीस वर्षांचं नाव मातीत जाईल."

"कुठलं नाव? हातनको मामा, हेच ना?" बायको म्हणाली. "उद्या सांगून मोकळे व्हा."

सोमवारी खोलीत लांब टेबलं लागली होती. भिंतीवर पकडी आणि स्क्रूड्रायव्हर ओळीने टांगले होते, मोटारींचे खोके अर्धवट उघडे होते. मोठ्या बाईही आल्या होत्या. मामांनी स्वतः कुलूप काढलं, मायक्रोस्कोप टेबलावर ठेवला आणि पुठ्ठा ओढला. नळी सर्रकन खाली आली.

"हा मी मोडलाय. एकोणीस वर्षं लपवलं. आता काय करायचं ते करा."

मोठ्या बाई तोंड उघडणार तोच आठवीतली एक मुलगी मध्ये घुसली. "कुठे मोडलाय? बघू!" दुसरीने स्क्रूड्रायव्हर आणलासुद्धा. मामांच्या ओठांवर "हात नको" आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पाच मिनिटांत सगळे स्क्रू ताटलीत होते आणि मुलीच्या चिमटीत एक इवलंसं दातेरी चाक. "बाई, दोनच दात गेलेत!"

मोठ्या बाई मामांकडे बघत होत्या. "तेव्हाच सांगितलं असतंत ना मामा, तर फार रागावले असते मी तुमच्यावर. आठ दिवस तरी बोलले नसते."

"आठच दिवस?" मामांनी विचारलं.

त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यासोबत एवढी वर्षं फुकट घाबरल्याचा रागही आला. दोन्ही एकदम झाल्यामुळे ते खुर्चीत बसून हसत सुटले.

मुलींनी चाकाचं माप घेतलं, थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं नवं काढलं. पहिलं सैल झालं, दुसरं शिरेचना. तिसरं गुरुवारी चपखल बसलं. कांदा मामांनीच घरून आणला. पापुद्रा काचपट्टीवर ठेवून ती मुलगी म्हणाली, "मामा, आधी तुम्ही."

मामा डोळा लावून वाकले, पण हात पाठीमागे घट्ट बांधलेले.

"मामा, हात लावा ना! फिरवल्याशिवाय दिसणार कसं?"

मामांनी हात पुढे घेतला. स्क्रू हलकेच फिरवला, या खेपेला उलट्या बाजूला. धुरकट, धुरकट, आणि मग एकदम लख्ख. विटाच विटा. एकीला लागून एक, भिंतभर. "अगं बाई," मामा पुटपुटले.

मागे रांग लागली. "मामा, झालं का? आता आमचा नंबर!" म्हणत त्या मुलीने स्क्रूकडे बोट नेलं.

मामांनी डोळा काढला नाही. "थांब जरा," ते म्हणाले, "हात नको!"