मनोऱ्याचं दुसरं दार

परवा पवनीच्या किल्ल्याच्या दरवाजात ओल्या दगडाचा वास आला आणि बार्सिलोनातला तो गोल जिना आठवला. नोकरीसाठी मी तिथे राहत होते आणि आसगावहून आई आली होती. शहरातल्या जगावेगळ्या इमारतींची मी वेळेसकट यादी केली होती. तिसरं नाव एका चर्चचं होतं. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्यांत फुटले होते.

"हे तं सागाचं जंगलच होय वं," आई म्हणाली.

मग आम्ही चर्चच्या मनोऱ्यावर गेलो. गोल जिन्याने उतरताना मी फोटोसाठी थांबले आणि आई पुढे गेली. खाली आले, तर दारात तिच्या चपला तशाच होत्या. देऊळ समजून तिने त्या बाहेर काढल्या होत्या. म्हणजे आई आतच! मी पुन्हा जिना चढले. मधली पोकळी खोल विहिरीसारखी होती, तिच्यात वाकून बघायची हिंमत होईना. आईजवळ फोन नव्हता. पत्त्याची चिठ्ठीही माझ्याच पर्समध्ये राहिली होती.

शेवटी पहारेकऱ्याने जिन्याच्या पायथ्याशी असलेलं मागचं दार दाखवलं. आई तिथे भर उन्हात अनवाणी उभी होती.

"कुठी गेली होतीस वं?" मी ओरडले.

"मी कायले जातो? जत्रेत चुकलं तं जागा सोडू नाही, तुलेच शिकवलं होतं. तूच हिंडून राहिली!"

आवाज इतका ठणठणीत होता, की घाबरले ती मी एकटीच असं मला तेव्हा वाटलं. सावली तिच्यापासून दहा पावलांवर होती. तळवे लाल होईपर्यंत भाजले, तरी ती तिथवर गेली नव्हती.